हेलकरी

विहिरी खोदणाऱ्या त्या माणसाच्या हाताला सलग दोन वर्षं काम मिळालं नाही, तेव्हा त्याने पहार, घण आणि दोर शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवले आणि बायको-मुलीला घेऊन माळ उतरला. वर पाणी इतकं खोल गेलं होतं की नवी विहीर खोदायची कोणाची छाती नव्हती आणि जुन्या विहिरींतला गाळ काढून हाती गाळच लागत होता. खाली नदीकाठाला बटाटा होता. बटाट्याच्या शेडमध्ये माणसं कमी पडतात, एवढंच त्याने ऐकलं होतं.

शेडच्या फाटकाशी मुकादम उभा होता. कुठून आलात, काय काम येतं, असं त्याने विचारलं. या माणसाने सांगितलं. मुकादमाने पुन्हा विचारलं. आत चाळण खडखडत होती, ऐकू गेलं नसेल म्हणून याने मोठ्याने सांगितलं. मग मुकादमाने मागे वळून दोघातिघांना हाक मारली आणि म्हणाला, "आता परत सांग बघू."

तिसऱ्यांदा सांगताना त्या माणसाच्या लक्षात आलं की समोरच्यांना उत्तर नकोच आहे. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचं बोलून झाल्यावर एकाने त्याचा शेवटचा शब्द धरला, लांबवला, वर नेला आणि हवेत सोडून दिला. बाकीचे हसले. माळावरची माणसं तसंच बोलत. वाक्य संपत आलं की शेवटचं अक्षर ओढत आणि ओढता ओढता थोडं उचलत.

"पाठीवर पोत्याचा हेल, तोंडात बोलण्याचा हेल," मुकादम म्हणाला. "हा दोन्हीकडून हेलकरी."

तेच नाव पडलं. कामाच्या वहीतसुद्धा तेच लिहिलं गेलं.

राहायला शेडच्या मागची पत्र्याची खोली मिळाली. चूल मांडून झाल्यावर हेलकरी बायकोला म्हणाला, "इथली माणसं शब्द तोडतात बघ. अर्धा बोलतात, अर्धा गिळतात. सरळ बोलणं यांच्या कानाला सवयीचं नाही." हे तो मनापासून बोलत होता. हेल असतो तो डोंगरापलीकडच्या लोकांना, अशीच त्याची समजूत होती. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून त्याने स्वतः लग्नाच्या मांडवात माणसं हसवली होती. आपल्या तोंडात असं काही असेल, हे चाळीस वर्षांत त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

काम सोपं होतं आणि अंग मोडणारं होतं. ट्रॉलीतून बटाटा हौदात पडायचा. हौदातून रबरी पट्टा तो वर चाळणीकडे न्यायचा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या आणि हिरवा, कापलेला, सडका बटाटा वेचून मागे टाकायच्या. चाळणीखाली पोती भरायची, काट्यावर वजन व्हायचं, मग दाभण-सुतळीने पोत्याचं तोंड शिवायचं आणि ते ट्रकपर्यंत पाठीवर न्यायचं. दिवसभर मातीचा बारीक धुरळा उडायचा. संध्याकाळी नाक शिंकरलं की पाणी काळं निघायचं. सडक्या बटाट्याचा वास मात्र अंघोळ केली तरी हातांवर राहायचा.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक प्रकार झाला. हेलकरी पट्ट्याच्या खटक्यापाशी उभा होता. पट्टा हौद भरेपर्यंत थोडा वेळ थांबवला होता. दोन-तीन बटाटे अडकलेत का हे बघण्यासाठी एका बाईने हेलकऱ्याकडून तो जरासा चालवून घेतला, इतक्यात मुकादम पलीकडून ओरडला, "सोड रे पट्टा." हेलकऱ्याने चटकन खटका खाली ओढून पट्टा बंद केला. मुकादम पुन्हा ओरडला, "अरे सोड, सोड." हेलकरी दोन्ही हात वर करून म्हणाला, सोडला की. माळावर सोडणं म्हणजे थांबवणं. बैल सोडले म्हणजे औत थांबलं, मोट सोडली म्हणजे दिवसाचं काम संपलं. खाली पाणी सोडतात, गाडी सोडतात. इथे सोडलं की चालू होतं. हे सगळ्यांना कळायला पाव तास गेला आणि त्यावर शेड पुढे महिनाभर हसली. तेव्हापासून त्याला कोणी तोंडाने सांगत नसे. मुकादम हात वर करी तेव्हा चालू, हात आडवा करी तेव्हा बंद.

हेलकऱ्याची बायको पट्ट्याच्या डाव्या बाजूला वेचणीला बसे. पहिल्या दिवशी तिने शेजारणीला पाणी कुठे मिळतं म्हणून विचारलं. शेजारणीने ते वाक्य तसंच्या तसं पुढच्या बाईला ऐकवलं, पुढचीने तिच्या पुढचीला, असं ते पट्ट्याच्या टोकापर्यंत गेलं आणि हसू परत आलं. त्यानंतर ती बोललीच नाही. दुकानात गेली तर बोटाने दाखवी. कोणी काही विचारलं तर मान हलवी. दोन महिन्यांनी नव्या आलेल्या बाया तिला मुकी समजू लागल्या आणि जुन्यांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. खोलीवर आल्यावर ती दार लावून घेई आणि नवऱ्याशी तासभर सलग बोले. दिवसभराचं सगळं साचलेलं असे.

मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिला पोती शिवायला बसवलं होतं. काट्याजवळच्या काचेच्या खोलीत एक कारकूनबाई बसायची आणि भोंग्यावरून वजनं, ट्रकचे नंबर, व्यापाऱ्यांच्या खुणा सांगायची. दाभण खाली-वर करताना मुलगी ते सगळं ओठांत म्हणे. बाईने बोललेलं वाक्य संपलं की तेच वाक्य, तिथेच तोडून. शेवटचं अक्षर आपोआप लांबायला लागलं की ती दाभणाचं टोक अंगठ्याला टोचून घेई. अंगठ्याला काळे ठिपके पडले. नळावर, चुलीपाशी, पोत्यांच्या थप्पीमागे, जिथे एकटी असेल तिथे ती बोलत असे. चार-पाच महिन्यांत तिच्या बोलण्याची ही शेपटी तुटली. घरातसुद्धा ती खालचंच बोलायला लागली. आईने विचारलं तर म्हणाली, मधेच बदललं की सवय मोडते.

आईला ते आवडलं नाही. बापाला फार आवडलं. दुकानदाराशी, डॉक्टरशी, खोलीचा पत्रा उडाला तेव्हा मालकाशी, सगळीकडे तो मुलीला पुढे करी आणि मागे हात बांधून ऐकत उभा राही. "साहेबासारखी बोलते," तो म्हणे. कारकूनबाईचं लग्न झालं आणि ती गेली, तेव्हा मॅनेजरने मुलीला बोलावून चार वाक्यं म्हणायला लावली आणि काचेच्या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी भोंग्यातून तिचा आवाज आला तेव्हा हेलकऱ्याच्या पाठीवर पोतं होतं. ते घेऊनच तो उभा राहिला. पुढच्या हमालाने ढकललं तेव्हा चालू लागला. त्या दिवशी त्याने ट्रकवाल्यांना, ओळख नसलेल्यांनासुद्धा, वर बोट दाखवून सांगितलं की ही माझी मुलगी. एकाने त्याची नक्कल करून विचारलं, खरंच का रे. त्याला राग आला नाही.

हंगाम भरात आला तसा पट्टा जोरात पळायला लागला. खालच्या टोकाला पट्टा जिथे वळतो त्या रुळावर ओली माती चढे आणि पट्टा घसरू लागे. रुळापुढे लोखंडी जाळी होती. माती काढायची तर चार स्क्रू काढून जाळी बाजूला घ्यावी लागे, त्यात वेळ जाई. मुकादमाने एके दिवशी जाळी काढूनच ठेवली. तेव्हापासून पट्टा न थांबवता बाजूने खुरपं घालून माती ओढायची असं सुरू झालं. पोती शिवणाऱ्यांतला एक उंच माणूस ते काम करी. त्याचे हात लांब होते म्हणून.

हेलकऱ्याच्या कमरेत उसण भरल्यापासून त्याला खटक्यावर बसवलं होतं. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. उन्हाने पत्रा तापला होता. उंच माणूस वाकून खुरप्याने माती काढत होता. खुरपं पट्ट्यात ओढलं गेलं. ते धरायला त्याने हात पुढे केला आणि हातही ओढला गेला. तो ओरडला. हेलकरी त्याच्याकडेच बघत होता. त्याने खटका इतक्या जोराने ओढला की दांडीची मूठ निघून हातात आली. पट्टा थांबला. उंच माणसाची चार बोटं रुळाखाली होती, मनगट वर होतं. हेलकऱ्याने पहारीने रूळ उचकटला. दुसऱ्यांनी माणसाला ओढून काढलं. वेचणीच्या बायका उठून मागे सरकल्या. बटाट्यांवर रक्त सांडलं होतं. मुकादमाने ते बटाटे आधी बाजूला करायला लावले.

डॉक्टर म्हणाला की आणखी दोन-तीन सेकंद पट्टा चालला असता तर हात कोपरापासून गेला असता. हे हेलकऱ्याला कोणीतरी येऊन सांगितलं. त्याने ते खोलीवर बायकोला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी आपल्या जागी होती, चारही स्क्रू नवे होते.

आठवड्याने चौकशी आली. तरुण अधिकारी होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, बोलायला मऊ. मॅनेजरच्या खोलीत पंख्याखाली टेबल मांडलं. दारात आणि खिडकीपाशी शेडमधले सगळे जमले. अधिकाऱ्याने आधी उंच माणसाचा दवाखान्यातून घेतलेला जबाब वाचला. चालत्या पट्ट्यात हात घातला असं म्हटलं तर सगळा दोष त्याच्यावरच येणार होता, हे त्याला कोणीतरी समजावलं असावं. पट्टा बंद होता, असं त्यात होतं. मग मुकादम बोलला. जाळी माती काढण्यापुरती काढली होती, पट्टा बंद होता, उंच माणसाचा हात आत होता, तो ओरडला की थांब, तरी हेलकऱ्याने न बघता पट्टा चालू केला. मुकादमाने हे एका दमात सांगितलं आणि कपाळ पुसलं.

मग हेलकऱ्याला पुढे बोलावलं. बस म्हटलं तरी तो बसला नाही. त्याने सकाळपासून सांगायला सुरुवात केली. ट्रॉल्या किती आल्या, माती किती ओली होती, खुरपं कसं गेलं. घाबरला की त्याचा हेल आणखी लांबे. खिडकीत खुसखुस सुरू झाली. अधिकाऱ्याला निम्मं कळेना. त्याने पेन ठेवून विचारलं, यांचं बोलणं समजणारं कोणी आहे का. मॅनेजरने काचेच्या खोलीकडे हात केला.

मुलगी आली. अधिकाऱ्याने तिला शेजारची खुर्ची दिली. बाप एक वाक्य बोले, ती ते स्वच्छ करून सांगे, अधिकारी लिहून घेई. पाच-सहा वाक्यं झाल्यावर तो तिच्याकडे बघून हसला.

"बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही इथल्याच ना?"

"हो," मुलगी म्हणाली.

"मग यांचं कसं समजतं तुम्हाला?"

"माझे वडील आहेत."

अधिकाऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. "अजिबात वाटत नाही हो," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलीला त्या वेळी बरं वाटलं. पुढे अनेक वर्षं तिला त्या चौकशीतलं हेच सगळ्यात जास्त आठवायचं की आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

बाप खुरप्यापाशी आला होता. "त्याचं ओरडणं कानावर आलं आणि मी पट्टा सोडला," तो म्हणाला.

हे वाक्य अधिकाऱ्याला स्वतःलाच समजलं. त्याचं पेन थांबलं. "ओरडणं ऐकल्यावर सोडला?"

"लगेच सोडला, साहेब. जरासुद्धा थांबलो नाही." हे सांगताना बापाची मान ताठ झाली.

खिडकीतली खुसखुस बंद पडली. शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुकादमाने नजर पंख्याकडे नेली. अधिकारी मुलीकडे वळला.

"सोडला म्हणजे चालू केला, असंच ना? की यांच्याकडे काही वेगळा अर्थ आहे?"

कोणी तिला काही पढवून ठेवलं नव्हतं. मॅनेजरने धमकावलं नव्हतं की आमिष दाखवलं नव्हतं. तिला फक्त म्हणायचं होतं, आमच्याकडे. आमच्याकडे सोडला म्हणजे बंद केला. तो एक शब्द तिने कित्येक महिने तोंडातून बाहेर येऊ दिला नव्हता. सगळे बघत होते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तिला इथलीच समजत होता.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "आपण म्हणतो तेच."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. वाक्य तोंडातून गेल्यावर ते परत घ्यायला वेळ होता. तो ओळ पूर्ण करीपर्यंत होता, पान उलटीपर्यंत होता. ती टेबलावरच्या काचेखालच्या जुन्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

तेवढ्यात दारातून तिची आई पुढे आली. गर्दीतून वाट काढत टेबलाशी येऊन उभी राहिली आणि बोलू लागली. सोडला म्हणजे थांबवला, साहेब. आमच्याकडे तसंच म्हणतात. मी तिथेच बसले होते, माझ्या डोळ्यांसमोर थांबवला. हिला माहीत आहे, हिला विचारा पुन्हा. वर्षभर दाबून ठेवलेलं बोलणं होतं. नवऱ्यापेक्षाही तिचा हेल लांब होता आणि आवाज चिरका होता.

पहिल्यांदा खिडकीतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, मुकी बोलली." मग हसू फुटलं. त्यात दुष्टावा थोडा आणि आश्चर्य जास्त होतं, पण एकदा फुटल्यावर ते आवरेना. मागचे पुढच्यांना विचारू लागले, काय म्हणाली, काय म्हणाली, आणि कोणीतरी तिच्यासारखंच म्हणून दाखवू लागलं. अधिकाऱ्यानेही ओठ दाबले. त्याला तिचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. त्याने मुलीला विचारलं, या काय म्हणतायत. मुलीने नजर काचेखालच्या कॅलेंडरवरून उचलली नाही. मॅनेजर पुढे वाकून म्हणाला की बाई एरवी बोलतच नाही, तिचं डोकं ठिकाणावर नसतं.

हेलकऱ्याने बायकोच्या दंडाला धरलं. लोक तिला हसतात हे त्याला सहन होत नव्हतं. "मी सांगतोय ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी सोडला म्हणूनच सांगितलंय. कशाला मधे पडतेस?"

अधिकाऱ्याने जबाब वाचून दाखवला. ओरडणे ऐकल्यावर मी पट्टा सोडला. बरोबर आहे का? बरोबर आहे, हेलकरी म्हणाला. शब्द त्याचेच होते. त्याला सही येत होती. मोठ्या, सुट्या अक्षरांत त्याने सही केली आणि पेन दोन्ही हातांनी परत दिलं.

खोलीवर आल्यावर आईने दार लावलं. मुलगी काम संपवून आली तेव्हा आई पाट्यापाशी बसली होती, पण वाटत काही नव्हती.

"हिला माहीत होतं," आई म्हणाली. "त्याने दोन्ही अर्थ विचारले होते. हिने मुद्दाम सांगितलं नाही."

बाप कोपऱ्यात पाय चोळत बसला होता. एव्हाना त्याच्याही ध्यानात आलं होतं. त्याने मुलीकडे बघितलं नाही. "विसरली असेल," तो म्हणाला. "किती दिवस झाले इकडे येऊन. दिवसभर यांच्यातच असते. विसरायला होतं माणसाला."

दोघंही वाट बघत होते. आईला काय ऐकायचं होतं ते मुलीला कळत होतं, आणि बापाला काय ऐकायचं होतं तेही कळत होतं.

"विसरले, आबा," ती म्हणाली.

"बघ," बाप बायकोला म्हणाला.

निकाल आला तेव्हा मॅनेजरने हेलकऱ्याला बोलावून सोप्या शब्दांत सांगितला. बंद पट्टा तू चालू केलास, असं त्यात लिहिलंय. उद्यापासून कामावर येऊ नकोस. हेलकऱ्याने कागद पुन्हा वाचायला लावला. मग तो उंच माणसाच्या घरी गेला. उंच माणूस खाटेवर बसला होता, हाताला मोठं गाठोडं बांधलेलं. हेलकरी दारात उभा राहिला. उंच माणसाने तोंड भिंतीकडे केलं आणि त्याची बायको म्हणाली की त्यांना बोलायला मनाई आहे.

नदीकाठच्या दुसऱ्या तीन शेडमध्ये तो काम मागायला गेला. तिन्ही ठिकाणी त्याने तोंड उघडल्याबरोबर त्यांनी ओळखलं. बोटं तोडणारा हेलकरी तो हाच. मग त्याने भांडी पोत्यात भरली. मुलीला म्हणाला, तू राहा, तुझं बसलंय इथे. मीही येते, असं ती म्हणाली, पण एकदाच म्हणाली. आईने जाताना खोलीची किल्ली तिच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली. बापाने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, कोणाला तरी थांब म्हणावं तसा आडवा, आणि परत आत घेतला.

पंधरा दिवसांनी मुलगी रजा टाकून चौकशीच्या कचेरीत गेली. अकरापासून दोनपर्यंत बाकावर बसली. अधिकाऱ्याने तिला ओळखलं, बसायला सांगितलं. तिने सगळं सांगितलं. सोडला म्हणजे काय, आईने काय सांगितलं होतं, जाळीचं काय झालं होतं. तो ऐकत होता. मग त्याने बराच वेळ चष्मा पुसला.

"मी तुम्हालाच विचारलं होतं ना," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

तो म्हणाला की कागद वर गेलाय. फिरवायचा तर वडिलांनी स्वतः यायला हवं, शेडमधल्या दोघांनी तरी साक्ष द्यायला हवी की असा शब्द आहे. तिने शेडमध्ये येऊन चौघांना विचारलं. चौघांनाही असं काही आठवत नव्हतं. आठवण काढून महिनाभर हसलेल्यांतलीच ती माणसं होती. माळावर बापाला तिने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

तिची नोकरी टिकली, नव्हे, वाढली. तिला टेबल मिळालं, मग पंखा मिळाला. बाहेरगावचे व्यापारी फोनवर तिचाच आवाज मागत. खोली बदलून ती बाजारपेठेत राहायला गेली. तिथे तिचे आई-बाप कोण हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारत नव्हतं.

दोन वर्षांनी ती माळावर गेली. गाडी फाट्यापर्यंतच जात होती. पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं ओळीने बसली होती. त्यांच्यात तिने आईला आधी ओळखलं ते आवाजाने. आई हातोडा मारता मारता बायकांना काहीतरी सांगत होती, मोठ्याने, लांबवून, आणि बायका हसत होत्या. आईला असं बोलताना मुलीने किती तरी वर्षांत पाहिलं नव्हतं. ती जवळ गेली तसं आईचं बोलणं मधेच थांबलं.

बाप पलीकडे बसला होता. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून त्याने डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलं होतं. तो उठला, हात झटकले. काय बोलावं याची जुळवाजुळव त्याच्या चेहऱ्यावर दिसली. मग तो एकेक शब्द तोडत, शेवटचं अक्षर घाईने गिळत म्हणाला, "प्रवास नीट झाला ना? त्रास नाही ना झाला?"

तो खालचं बोलत होता. तिच्यासाठी. तिला वाटलं, आपण आपलं बोलावं, म्हणजे याला असं बोलावं लागणार नाही. ती आईजवळ उकिडवी बसली आणि जुन्या हेलात म्हणाली, आई, कशी आहेस, किती वाळलीस. शब्द तेच होते. पण शेवट लांबवताना कुठे उचलायचा ते चुकलं, नको तिथे तो जास्त लांबला. तिच्या कानाला ते ऐकू आलं. खाली शेडमध्ये लोक जसं बोलून दाखवत तसंच ते होतं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक हसली.

आईने हातोडा खाली ठेवला. "आमची नक्कल करू नकोस, बाई," ती शांतपणे म्हणाली. "तुझं तू बोल. आम्हाला कळतं."

"नक्कल नाही करत, आई."

"बरं."

बापाने पाण्याचा डबा पुढे केला. ती प्यायली. ऊन चढत होतं. खडीवरून चालत ठेकेदाराचा माणूस आला, मापाची पेटी कुठवर भरली ते बघितलं, आणि नीटनेटक्या साडीतल्या बाईकडे बघून आईला विचारलं, या कोण?

बापाने तोंड उघडलं होतं, पण आई आधी बोलली.

"खालच्या आहेत," आई म्हणाली, आणि पुढचा दगड मांडीशी ओढला.